उसने वस्त्र आणि किरायाचा वेष : नांदेड-लातूर परिसरातील एका दिवसाच्या पोशाखाचा विचार

१. विषयप्रवेश

वेषाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे जाते. एक म्हणजे लोकांच्या नित्य वापरातील पोशाख आणि दुसरी म्हणजे राजदरबारातील मानवस्त्रे. यांखेरीज तिसराही एक प्रकार आहे. सकाळी अंगावर चढवावयाचा, दिवसभर मिरवावयाचा आणि संध्याकाळी ज्याचा त्यास परत करावयाचा असा तो पोशाख होय. त्यावर धारण करणाऱ्याची मालकी नसते. त्याची सवयही त्यास नसते. तरीही त्या एका दिवसात तो पोशाख धारण करणाऱ्याविषयी बरेच काही सांगून जातो.

या प्रकाराचे आज सर्वात ठळक उदाहरण कोरियात आढळते. सोल शहरातील ग्योंगबोकगुंग हा राजवाडा पाहण्यास येणारे प्रवासी त्याच्या आसपासच्या दुकानांतून हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख काही तासांसाठी भाड्याने घेतात, तो घालून राजवाडा हिंडतात, छायाचित्रे काढतात आणि पोशाख परत करून आपल्या मार्गाने जातात. जपानातील क्योटो येथे किमोनोची हीच प्रथा आहे. परंतु हा प्रकार दूरदेशीचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांत साजरा होणारा पारंपरिक वेषभूषेचा दिवस, शाळांची स्नेहसंमेलने, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आणि लग्नापूर्वी किल्ल्याच्या तटावर काढून घेतलेली वधूवरांची छायाचित्रे यांतून तोच व्यवहार चालतो. नऊवारी, फेटा, शेरवानी, खडा दुपट्टा आणि बंजारा स्त्रियांचा आरसेकाम केलेला घागरा ही वस्त्रे येथे दिवसाच्या हिशोबाने मिळतात. इतरत्र ज्यास भाडे म्हणतात त्यास मराठवाड्यात किराया म्हणतात. हा व्यवहार कोणत्या जुन्या रूढींच्या जागी आला, त्याने काय दिले आणि काय पुसून टाकले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. खिलत, नवस आणि उसनवारी

एका दिवसाचा वेष ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. दख्खनच्या समाजजीवनात त्याची किमान चार जुनी रूपे दाखविता येतात.

पहिले रूप राजसत्तेशी निगडित आहे. मोगल आणि दख्खनी दरबारांत वस्त्रे बहाल करणे ही राज्यव्यवहारातील एक प्रमुख क्रिया होती. बहाल केलेल्या वस्त्रास खिलत म्हणत. गुरू गोविंदसिंग यांना १७०७ मध्ये आग्रा येथे बादशहा बहादूरशहाकडून खिलत मिळाली. पुढच्याच वर्षी ते नांदेडास आले आणि तेथेच ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचा देहान्त झाला. मराठी राज्यातही पेशव्यास पदाची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत आणि ती मिळाल्यावाचून पदास मान्यता येत नसे. वस्त्र स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याशी एक नाते मान्य करणे, असा या विधीचा अर्थ होता. वस्त्राचे मोल त्यातील जरीपेक्षा देणाऱ्याच्या हातावर ठरत असे.

दुसरे रूप नवसाचे आहे. देवीच्या नावाने परडी घेऊन, गळ्यात कवड्यांची माळ घालून पाच घरी जोगवा मागणे किंवा खंडोबाच्या नावाने भंडारा लावून वारी मागणे, या रूढी मराठवाड्यात सर्वत्र परिचित आहेत. मोहरमच्या दिवसांत नवसाने मुलास फकीर करण्याची चाल दख्खनच्या खेड्यांत हिंदू कुटुंबांतूनही होती. येथे वेष एका दिवसाचा असला तरी तो घेण्यामागे जन्मभराचे ऋण मानलेले असे. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत हा वेष आणि वाघ्या-मुरळींचा नित्याचा वेष आजही शेजारी शेजारी पाहावयास मिळतो.

तिसरे रूप बहुरूप्याचे. पोलीस, सावकार, देव अथवा साधू यांचा वेष घेऊन दारोदार फिरणाऱ्या या भटक्या कलावंताचा सारा चरितार्थच दुसऱ्याच्या पोशाखावर चाले. त्याचे कसब पाहणाऱ्यास क्षणभर फसविण्यात होते. फसगत उघड होताच गृहस्थ हसून त्याच्या झोळीत धान्य घालीत असे. वेष ही एक ठरीव भाषा असून ती कोणासही बोलता येते, ही गोष्ट बहुरूप्याने शास्त्रकारांच्या आधीच ओळखलेली होती.

चौथे रूप नवरदेवाचे. लग्नाच्या दिवशी सामान्य शेतकऱ्याचा मुलगाही वरराजा होतो, डोक्यास पटका बांधतो, बाशिंग लावतो, हाती कट्यार घेतो आणि घोड्यावर बसतो. या एका दिवसाच्या राजेपणासाठी लागणारे साहित्य प्रत्येक घरी असणे शक्य नव्हते. ते भावकीतून, वतनदाराच्या वाड्यातून किंवा शेजारच्या गावातून मागून आणीत. वधूच्या अंगावरील शालू व दागिनेही पुष्कळदा असेच आणलेले असत.

या मागून आणण्यास मराठीत उसने घेणे म्हणतात. उसने आणि किराया या दोन शब्दांतील भेद सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उसन्या वस्तूस पैसा पडत नाही, पण ती फुकटही नसते. आज ज्याचा शालू आणला त्याच्या घरच्या कार्यात उद्या राबावे लागते, शालूवर डाग पडल्यास त्याची आठवण दहा वर्षे निघते आणि ज्याच्या घरून कधी काही उसने आणता येत नाही, त्याच्याशी असलेले अंतर सर्वांस ठाऊक असते. उसनवारी ही अशा रीतीने नात्यांची व जातीची सीमा दाखविणारी रेघ होती. किरायाचा व्यवहार मात्र पैसा चुकता केला की संपतो. दुकानदार गिऱ्हाइकाचे कूळ विचारीत नाही. अनामत रक्कम ठेवून घेतो, वस्त्र परत आले की रक्कम परत करतो आणि तेथेच संबंध पुरा होतो. उसन्याकडून किरायाकडे झालेले हे स्थित्यंतर प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

३. नित्याचा वेष आणि त्याचा ऱ्हास

जोपर्यंत एखादा पोशाख नित्याचा असतो, तोपर्यंत तो किरायाने देण्याचा व्यवसाय उभा राहू शकत नाही. यास्तव नांदेड-लातूर परिसरातील नित्याचा वेष कोणता होता आणि तो केव्हा मागे पडला, हे पाहणे आवश्यक आहे.

१७२४ पासून १९४८ पर्यंत हा प्रदेश आसफजाही राज्यात होता. त्याच्या एका बाजूस कन्नड मुलूख, दुसऱ्या बाजूस तेलंगण आणि मध्ये मराठी लोकवस्ती अशी स्थिती असल्याने येथील वेषही तिन्हीकडून घडला. ग्रामीण पुरुषाचा वेष धोतर, बाराबंदी किंवा सदरा आणि डोईस पटका अथवा रुमाल असा असे. स्त्रिया नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी वापरीत. लुगडे पुष्कळदा इरकली असे. कर्नाटकातील इळकल येथे विणल्या जाणाऱ्या या लुगड्याचे अंग गडद रंगाचे, काठ रुंद आणि पदर तांबड्या रेशमाचा असतो. हा पदर निराळ्या ताण्यावर विणून अंगाच्या ताण्यास एकेक फासा गुंतवून जोडतात. चोळीचा खण गुळेदगुड्ड येथून येई. नारायणपेठेची लुगडी तेलंगणातून येत. स्थानिक साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन विणकरांचे जाडेभरडे कापड रोजच्या कामास पुरे. लुगडे नेसण्याच्या पद्धतीही एकसारख्या नव्हत्या. शेतात राबणारी स्त्री काष्टा घट्ट व आखूड घेई, वाड्यातील स्त्रीचे लुगडे घोट्यापर्यंत येई, काही घरांत गोल नेसण्याची रीत होती आणि पदर डोईवरून घेण्याच्या तऱ्हेवरून गाव व जात ओळखता येत असे.

शहरी व अधिकारी वर्गाचा वेष निराळा होता. शेरवानी हा हैदराबाद राज्यातील प्रतिष्ठित पुरुषाचा सर्वमान्य पोशाख बनला होता. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसही शेरवानी हाच वेष ठरविलेला होता. कचेरीत जाणारा मराठी वकील वा कारकून घरी धोतर आणि बाहेर शेरवानी असा दुहेरी वेष वापरी. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाल्यानंतर खादी आणि पांढरी टोपी यांस जो राजकीय अर्थ प्राप्त झाला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. एकाच रस्त्यावर तीन प्रकारचे शिरोवेष्टन तीन प्रकारच्या निष्ठा सांगत होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या काळात शेरवानी कचेरीतून नाहीशी झाली व सदरा-विजार रूढ झाली. स्त्रियांच्या बाबतीत बदल अधिक सावकाश घडला. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या नऊवारीस दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईने धक्का दिला होताच. त्यानंतर गिरणीची पाचवारी व सहावारी पातळे, मुलींचे शिक्षण आणि नोकरी यांमुळे शहरांतील तरुण पिढीने गोल साडी स्वीकारली. खेड्यांतून मात्र नऊवारी टिकून राहिली आणि वृद्ध स्त्रियांच्या अंगावर ती आजही दिसते. म्हणजे जी नऊवारी नातीला किरायाने आणावी लागते, तीच आजीच्या नित्य वापरात आहे, असा एक विलक्षण कालखंड या प्रदेशात अद्याप संपलेला नाही.

या बदलाकडे केवळ हळहळीने पाहणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. जुना नित्याचा वेष हा अनेकांच्या बाबतीत लादलेला वेष होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा बदलावी, अस्पृश्यतेची ओळख पटविणारे दागिने टाकून द्यावेत, असा उपदेश केला होता. आखूड लुगडे आणि ठराविक धातूचे दागिने ही ज्यांच्यासाठी कमीपणाची खूण होती, त्यांना तो वेष सोडताना परंपरा गमावल्याचे दुःख होण्याचे कारण नव्हते. वेषाची परंपरा म्हणजे कोणाची परंपरा, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो आणि तो पुढेही सुटत नाही.

४. किरायाच्या व्यवसायाचा उदय

पोशाख भाड्याने देण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात प्रथम रंगभूमीच्या आश्रयाने वाढला. संगीत नाटक मंडळ्या आपला कपडेपट स्वतः बाळगीत आणि त्यावर अमाप खर्च करीत. बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेल्या शालूंचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मंडळ्या मोडल्या आणि हौशी नाटकांचा काळ आला, तेव्हा प्रत्येक संस्थेस कपडेपट बाळगणे परवडेना. तेथे भाड्याने पोशाख पुरविणारा ड्रेपरीवाला पुढे आला. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी मंडळींस मावळ्याची बंडी, पेशवाई पगडी, राणीचा शालू यांची वर्षातून एकदा गरज भासू लागली. ड्रेपरीचा पोशाख दुरून पाहण्यासाठी केलेला असतो. त्याची जर खोटी, शिवण ढोबळ आणि रंग भडक असतो. हे त्याचे रंगमंचीय गुण पुढे किरायाच्या सर्वच पोशाखांत उतरले.

दुसरा उगम किराया भंडारात आहे. लग्नकार्यासाठी मंडप, सतरंज्या, मोठी भांडी पुरविणाऱ्या या दुकानांनी मराठवाड्यातील गावकीची जुनी उसनवारी हळूहळू आपल्याकडे घेतली. भांडी आणि बिछायतीच्या मागोमाग नवरदेवाची शेरवानी, मोजडी आणि कलगी लावलेला तयार फेटा हेही किरायाने मिळू लागले. जो शेरवानीचा पोशाख १९४८ नंतर कचेरीतून गेला होता, तो अशा रीतीने लग्नमंडपातून परत आला. मात्र या परत आलेल्या शेरवानीस हैदराबाद राज्याची आठवण उरलेली नाही. ती चित्रपटांतून आलेली आहे आणि ती घालणाऱ्या नवरदेवाच्या पणजोबांनी तीच सक्तीने किंवा प्रतिष्ठेसाठी घातली असेल, हे त्याच्या गावीही नसते.

तिसरा व निर्णायक टप्पा शिवलेल्या नऊवारीचा. नऊवारी नेसणे ही एक कला आहे. निऱ्या किती घ्याव्यात, ओचा कोठे खोवावा, काष्टा कसा ओढावा हे आईकडून मुलीस मिळणारे ज्ञान होते. ही साखळी तुटल्यावर नऊवारी शिवून घेण्याची युक्ती निघाली. निऱ्या व काष्टा शिलाईने पक्के करून, कमरेस नाडी वा रबरी पट्टी लावून ती विजारीसारखी पायांत चढविता येऊ लागली. नेसण्याची वस्तू घालण्याची वस्तू झाली आणि त्यामुळेच ती किरायास योग्य झाली. एकच पोशाख थोड्याफार फरकाने अनेकींस बसतो, तो घालण्यास घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची मदत लागत नाही आणि पाच मिनिटांत उतरविता येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरांतून रूढ झालेल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, २०१० चा 'नटरंग' आणि २०१५ चा 'बाजीराव मस्तानी' हे चित्रपट, तसेच रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील २०१२ ची 'उंच माझा झोका' ही दूरचित्रवाणी मालिका यांनी या वस्त्रास मागणी मिळवून दिली.

शेवटचा टप्पा छायाचित्राचा. हातोहाती कॅमेरा आल्यावर पोशाखाचा मुख्य प्रेक्षक समोरचा माणूस राहिला नाही. कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ले ही या परिसरातील छायाचित्रणाची आवडती स्थळे होत. यांतील उदगीरचा परिसर तर १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा पराभव केला त्या लढाईने इतिहासप्रसिद्ध आहे. तेथे पेशवाई पगडी घालून उभा राहणारा तरुण काही काळापुरता एका बाजूचा योद्धा होतो. तो किल्ला दीर्घकाळ ज्यांच्याकडे राहिला, त्या दुसऱ्या बाजूचा वेष मात्र त्या छायाचित्रात नसतो.

५. सोलचा धडा

कोरियातील अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे, कारण तेथे या व्यवहारात शासनाने प्रत्यक्ष लक्ष घातले. जोसेओन राजवंशाचा काळ १३९२ ते १९१० असा आहे. १८९५ च्या अखेरीस राजा गोजोंग याच्या राजवटीत पुरुषांनी डोक्यावरील गाठ कापावी असा हुकूम निघाला आणि त्याविरुद्ध देशभर उद्रेक झाला. डोक्यावरची गाठ ही जीवनमरणाची बाब मानणाऱ्या त्या समाजाने पुढील शतकात मात्र हानबोक हळूहळू लग्न आणि सणांपुरता मर्यादित केला. तो नित्यातून गेल्यावर त्याच्या रक्षणाचा प्रश्न निर्माण झाला. २०१३ पासून हानबोक घालून येणाऱ्यास राजवाड्यांत विनामूल्य प्रवेश देण्यात येऊ लागला. भाड्याच्या दुकानांना त्यामुळे मोठे बळ मिळाले.

परंतु सवलत द्यावयाची म्हणजे हानबोक कशास म्हणावे, हे ठरविणे भाग पडते. आखूड अंगरखा म्हणजे जोगोरी आणि त्याखाली स्त्रीने घेर असलेला चिमा अथवा पुरुषाने विजार, असा नियम करण्यात आला. त्यावर पुरुषाने चिमा किंवा स्त्रीने विजार घातल्यास काय, असा वाद उद्भवला. तेथील मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये ही अट शिथिल झाली. दुसरीकडे दुकानांतील पोशाखांवर सोनेरी छपाई, पाठीवर बांधलेली मोठी फीत आणि चिमा फुगविण्यासाठी आत घातलेली तारेची कडी दिसू लागली. हा हानबोकच नव्हे, अशी टीका झाली. २०२४ मध्ये तेथील वारसा विभागाच्या प्रमुखांनीही भाड्याच्या हानबोकाची रचना सुधारण्याची गरज बोलून दाखविली. तत्पूर्वी २०२२ मध्ये हानबोक परिधान करण्याची जीवनरीत राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित झाली होती. त्या घोषणेत विशिष्ट कापड वा शिवण यांपेक्षा पोशाख करणे, घालणे आणि त्यासंबंधीचे शिष्टाचार यांस महत्त्व दिलेले आहे, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्कॉटलंडचे उदाहरण याहून जुने आहे. १७४६ मध्ये डोंगरी लोकांच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने तोच पोशाख साऱ्या देशाचा म्हणून मिरविला गेला. हॉब्जबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या परंपरांच्या निर्मितीविषयीच्या ग्रंथात या घटनेचा ऊहापोह आहे. एका प्रदेशाचा किंवा एका वर्गाचा वेष जेव्हा साऱ्यांचा ठरतो, तेव्हा इतरांचे वेष विसरले जातात, हा त्या चर्चेतून निघणारा निष्कर्ष नांदेड-लातूरलाही लागू पडतो.

६. लाभ, हानी आणि संशोधनाचे कार्य

किरायाच्या वेषाने जे दिले ते प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या घरात पैठणी कधी आली नव्हती त्या घरातील मुलगी एका दिवसासाठी पैठणीच्या धर्तीचे वस्त्र अंगावर घेते आणि त्यासाठी कोणाच्या दाराशी उभी राहत नाही. ऋण काढून सण करण्याची पाळी तिच्या वडिलांवर येत नाही. ज्यांना एके काळी घोड्यावर बसण्यास मज्जाव होता, त्यांच्या घरचा नवरदेव आज कलगीचा फेटा बांधून वरात काढतो. वेष हा जन्माने नव्हे, तर इच्छेने घेता येतो, ही समजूत रुजविण्यात या सामान्य दुकानदारांचा वाटा लहान नाही.

हानीची बाजू तितकीच स्पष्ट आहे. दुकानात जी नऊवारी मिळते ती पेशवाई अथवा लावणीच्या धर्तीची असते. तिचा नमुना पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरून आणि पडद्यावरून आलेला आहे. इरकली लुगडे, खणाची चोळी, डोईवरचा पदर आणि शेतकरी स्त्रीचा आखूड काष्टा यांस त्या दुकानात जागा नाही. त्यामुळे लातूरची विद्यार्थिनी पारंपरिक वेष म्हणून जे परिधान करते ते तिच्या आजीने कधी परिधान केलेले नसते, आणि आजीच्या अंगावर जे आहे ते पारंपरिक म्हणून ओळखलेच जात नाही. हाच प्रकार किनवट-माहूर भागातील बंजारा समाजाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने घडतो. फेटिया, कांचळी, कवड्या आणि आरसे यांनी जडविलेला हा पोशाख तांड्यातील वृद्ध स्त्रीने स्वतः टाके घालून केलेला असतो व तिच्या वयाशी आणि सौभाग्याशी त्यातील प्रत्येक खुणेचा संबंध असतो. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी आणलेल्या पोशाखात या खुणा केवळ चमक म्हणून येतात. ज्या वेषामुळे त्या स्त्रीकडे बाजारात टक लावून पाहिले जाते, तोच वेष रंगमंचावर टाळ्या मिळवितो, हा विरोध दुर्लक्षिण्यासारखा नाही.

याउलट नांदेडातच एका दिवसाच्या वेषाचे एक वेगळे उदाहरण समोर आहे. सचखंड श्री हुजूर साहिब येथे प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास डोके झाकावे लागते आणि ज्याच्याजवळ वस्त्र नसेल तो रुमाल बांधून आत जातो. हा रुमालही काही वेळापुरताच असतो. परंतु त्याने कोणी पंजाबी होत नाही, योद्धा होत नाही किंवा राजा होत नाही. धनिक व निर्धन, भाविक व प्रवासी यांच्या डोक्यावर तोच चौकोनी तुकडा असतो. वेषाने वेगळे दिसण्याऐवजी सारखे दिसण्याचा हा प्रकार असून, घेतलेल्या वस्त्रामागे असलेला जुना आदराचा भाव त्यात शिल्लक आहे. एका दिवसाचा वेष उथळच असतो, असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो साधनांचा. वस्त्र ही इतिहासाची सर्वात नाशवंत साधनसामग्री आहे. मराठवाड्यात जुने लुगडे फाटले की त्याची वाकळ शिवली जाते. वाकळीच्या थरांत आजीचे, पणजीचे लुगडे एकावर एक असते. वाकळही विरली की ती पुसण्यास व शेवटी चुलीत जाते. याच कारणाने शंभर वर्षांपूर्वीचे रोजच्या वापरातील लुगडे संग्रहालयात क्वचितच सापडते. परंतु जुन्या वाकळींतून काठ, पदर आणि विणीचे जे तुकडे अद्याप शिल्लक आहेत, त्यांवरून कोणत्या गावी कोठले कापड येत होते याचा नकाशा तयार करणे शक्य आहे. किरायाच्या पोशाखाची वाकळ कधी होत नाही. तो कृत्रिम धाग्याचा असतो, शेकडो अंगांवर फिरतो आणि कोणाच्याच आठवणीचा राहत नाही.

यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे तीन कामे आहेत. नऊवारी नित्य नेसणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडून नेसण्याच्या पद्धती, त्यांची स्थानिक नावे आणि त्या कोणत्या समाजात रूढ होत्या हे नोंदवून घेणे, हे पहिले. कुटुंबांतील वाकळींची व लग्नाच्या जुन्या छायाचित्रांची पाहणी करणे, हे दुसरे. आणि किराया भंडारांच्या व ड्रेपरीवाल्यांच्या वह्या तपासणे, हे तिसरे. कोणत्या वर्षी कोणता पोशाख अधिक गेला, तो कोणत्या प्रसंगासाठी गेला आणि कोणता पोशाख मागणीअभावी पेटीतच राहिला, हे त्या वह्यांतून कळू शकते. दरबाराच्या दफ्तरातील खिलतींच्या नोंदी जितक्या काळजीने वाचल्या जातात, तितक्याच काळजीने या वह्या वाचल्या गेल्या पाहिजेत. यांपैकी पहिले काम मात्र थांबू शकत नाही. काष्टा घालून शेताच्या बांधावर उभी असलेली शेवटची पिढी आज ऐंशीच्या घरात आहे आणि तिच्याजवळचे ज्ञान कोणत्याही दुकानात किरायाने मिळणारे नाही.